संथ लाटा, साठीची पाठ: पोटावर झोपून चालवायच्या बोर्डांची पारख

मोरजी, आश्वे, मांद्रे, तारकर्ली. पावसाळा सोडला तर गोवा-कोकणातल्या या किनाऱ्यांवर बहुतेक दिवस लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंतचीच. वाळूचा उतार सपाट असल्यामुळे लाट एकदम कोसळत नाही; दुरूनच माथ्यावर फेस धरते आणि तो सांडत सांडत काठाला येते. साठीच्या पुढच्या माणसाला पोटावर झोपून लाटेवर घसरायचं असेल तर यापेक्षा सोयीचं पाणी नाही. खाली मऊ वाळू, पाणी उबदार, बोर्डावर उभं राहायचा खटाटोप नाही. अडतं ते बोर्डापाशी. दुकानात बॉडीबोर्ड म्हणून जे मिळतं ते उभ्या, जोरदार लाटेसाठी आणि विशीतल्या कमरेसाठी बेतलेलं असतं. म्हणून इथे चार प्रकारचे बोर्ड एकाच कसोटीवर पारखले आहेत: संथ लाट पकडतो का, पकडलेली लाट काठापर्यंत टिकवतो का, आणि तासाभरानं बाहेर येताना मान, बरगड्या आणि कंबर कुठल्या अवस्थेत असतात.

आधी संथ लाटेचा हिशोब. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते. म्हणजे ६० सेंटिमीटरची लाट पाऊण मीटर पाण्यात फुटेल, आणि त्या खोलीत तिचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या आसपास असतो. पायात फिन्स, म्हणजे पोहायची रबरी पाती, घालून जोर लावला तरी आपण सेकंदाला मीटर-सव्वा मीटरच जातो. उरलेला वेग लाटेच्या उतारानं द्यायचा, आणि संथ लाटेला उतारच कमी. उभी लाट बोर्डाला खाली ढकलते. संथ लाटेत तेवढ्याशा उतारावर बोर्डाला स्वतः सुटावं लागतं. त्यासाठी पाण्याला टेकणारं क्षेत्र मोठं हवं, जिथे वजन पडतं तिथे तळ सपाट हवा आणि बोर्ड अंगाखाली वाकता कामा नये. जाडीचा विचार त्यानंतर. बहुतेक ज्येष्ठ मंडळी नेमका जाड बोर्ड मागतात, "आपलं वजन पेलायला हवं ना" म्हणून. पण अर्धं पाण्यात असलेलं शरीर बरंचसं स्वतःच तरंगतं. फाजील जाडीनं बोर्ड पाण्याच्या वर डुगडुगतो आणि तिरकं जाताना त्याची कड पाण्यात रुतत नाही.

किनाऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात टांगलेले, वर चित्रं छापलेल्या कापडाचे थर्माकोलचे बोर्ड या पारखीत घेतलेले नाहीत. प्रौढ माणसाच्या कोपराखाली ते पहिल्याच दिवशी मधोमध तुटतात आणि थर्माकोलचे मणी समुद्रात जातात. ते घेऊच नयेत.

खरा बॉडीबोर्ड वेगळा. टॉम मोरी यांनी १९७१ मध्ये हवाईत पॉलिएथिलिन फोमच्या तुकड्यातून पहिला बोर्ड कापला. आजच्या बोर्डात फोमचा गाभा, वर मऊ थर आणि खाली गुळगुळीत प्लास्टिकचा तळ असतो. घेताना पहिला प्रश्न गाभ्याचा. पॉलिएथिलिनचा गाभा थंड पाण्यात छान लवचिक राहतो, पण आपल्याकडच्या २७ ते ३० अंशांच्या पाण्यात तो ढिला पडतो. छाती टेकली की मधे खचतो, बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर येतं, आणि बोर्ड पाणी कापायच्या ऐवजी ढकलायला लागतो. इथे पॉलिप्रोपिलिनचाच गाभा घ्यावा, आणि त्यात लांबीच्या दिशेनं किमान एक स्ट्रिंगर, म्हणजे फायबरचा दांडा असावा. तळ सर्लिन नावाच्या प्लास्टिकचा असेल तर वाकून पुन्हा सरळ होतो. स्वस्त बोर्डात एचडीपीई हे साधं प्लास्टिक असतं, त्याला एकदा घडी पडली की ती जात नाही. वापरलेला बोर्ड घेताना तळ उजेडात तिरका धरून बघा. नाकापासून वीतभर मागे, कोपरं जिथे टेकतात त्याच्या बरोबर खाली, आडवी पांढुरकी सुरकुती दिसली तर त्या जागी तळ मोडलेला आहे आणि गाभाही खचत चालला आहे. अंगठ्यानं दाबलं तर तिथे तळ गाभ्यापासून सुटल्याचा हलका कुरकुर आवाज येतो. असा बोर्ड फुकट मिळाला तरी संथ लाटेत कामाचा नाही.

बोर्ड उभा धरला तर बेंबीपर्यंत यावा, असा मापाचा नेहमीचा सल्ला. त्या हिशोबानं मध्यम उंचीच्या माणसाला ४२ इंची बोर्ड मिळतो. ज्येष्ठांसाठी हा सल्ला तोकडा आहे. कंबरेतला ताठरपणा वाढला की माणूस बोर्डावर नकळत पुढे सरकत नाही, मागे घसरतो. ४२ इंचात नितंब टेलच्या, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाच्या, बाहेर जातात, पोट खाली लोंबतं, कंबर उलटी वाकते, आणि ती भरपाई म्हणून मान आणखी वर उचलली जाते. दुसऱ्या दिवशी कंबर धरते ती यामुळे. ४४ किंवा ४५ इंच घ्या. तेवढ्या लांबीत ओटीपोट बोर्डावर टेकतं आणि फिन्सनं लाथा मारायला मांड्या मोकळ्या राहतात. मऊ वरचा थर बरगड्यांना सुखाचा, पडलो तरी लागत नाही, आणि हाच या प्रकाराचा खरा गुण. कमरेएवढ्या लाटेत ४५ इंची बोर्ड व्यवस्थित चालतो. गुडघ्याएवढ्या लाटेत मात्र फेस पुढे निघून जातो आणि बोर्ड मागे राहतो.

लाकडी फळीचा स्वभाव याच्या अगदी उलटा. हवाईत पोटावर चालवायच्या आखूड लाकडी बोर्डाला पायपो म्हणतात, आणि इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर नाक वर वळवलेल्या प्लायवुडच्या फळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. चॅपल पोर्थला त्यांच्या स्पर्धाही झाल्या आहेत. ती जुनी फळी ४ फूट लांब आणि जेमतेम फूटभर रुंद. संथ लाटेसाठी ती अरुंद पडते. ४ फूट लांबी आणि १६ इंच रुंदी ठेवली तर कुठलाही चांगला सुतार ती करून देऊ शकतो, आणि ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या एका पाट्यातून, करवतीची काप वजा धरली, तर दोन-तीन मिलिमीटर कमी रुंदीच्या पण सारख्या मापाच्या सहा फळ्यांचा एक थर निघतो; प्रत्येक फळीला असे दोन थर लागतात.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन. आयएस ३०३ चा साधा प्लाय खाऱ्या पाण्यात एका हंगामात फुगतो. जाड प्लाय वाकवत बसू नये. ४ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सी या रेझिनच्या गोंदानं चिकटवून लाकडी साच्यावर शिकंज्यात २४ तास दाबून ठेवावेत. नाकाच्या शेवटच्या २५ सेंटिमीटरमध्ये ५ सेंटिमीटर उचल पुरे. कडा गोल घासून त्यांना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे, कारण पाणी शिरतं ते प्लायच्या कापलेल्या कडेतून, आणि पहिला थर सुटतो तो नेहमी नाकाच्या टोकाशी. मग पीयू वार्निशचे तीन हात, मधे २२० नंबरची पॉलिश पेपरची घासणी.

वेगाच्या बाबतीत या फळीला तोड नाही. पातळ असल्यामुळे पाण्याला अडथळा नाही, कड लगेच धरते, गुडघ्याएवढ्या फेसावरही सरसर निघते. पण तरंगण्याची ताकद किलो-सव्वा किलोचीच, म्हणून तिच्यावर पडून लाटेची वाट बघता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, लाट पाठीला भिडायच्या क्षणी वाळूवरून झेप घ्यावी लागते. आणि धोका खरा आहे. नाक वाळूत घुसलं तर फळी जागच्या जागी थांबते आणि मागची कड पोटात बसते. मागची कड पोटाखाली न ठेवता कमरेच्या हाडाखाली ठेवायची, हात पुढे लांब करून नाक दोन्ही हातांनी धरायचं आणि गुडघाभर पाणी उरलं की फळी बाजूला टाकायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेलं असेल त्यांनी लाकडी फळीच्या वाटेला जाऊ नये. इतरांसाठी ती सगळ्यात स्वस्त आणि निखळ मजेची चीज आहे.

आता ज्याच्यासाठी ही सगळी पारख, तो मापानं करून घेतलेला फोम आणि फायबरचा रुंद बोर्ड. सर्फबोर्ड बनवणारे कारागीर उभ्यानं चालवायचे बोर्ड करतात. त्यांना पोटावरचा बोर्ड सांगितला की ते सवयीनं आखूड सर्फबोर्ड करून देतात: टोकदार नाक, निमुळतं टेल आणि भरपूर रॉकर, म्हणजे लांबीतली कमान. संथ लाटेत या तिन्ही गोष्टी जड जातात. म्हणून मापं लिहून द्यावीत.

सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या, साडेपाच फुटांच्या आसपास उंचीच्या व्यक्तीला ५२ इंच लांबी, साडेतेवीस इंच रुंदी आणि सव्वादोन इंच जाडी बसते. घनफळ ३० ते ३२ लिटर येतं. पाण्याला टेकणारं क्षेत्र ४२ इंची बॉडीबोर्डापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं वाढतं, आणि संथ लाटेत सगळा फरक याच वाढीव क्षेत्राचा असतो. वजन दर १० किलोंनी वाढलं तर लांबी दोन इंच आणि रुंदी पाव इंच वाढवावी; जाडीला हात लावू नये. ५६ इंचांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण मग मांड्या बोर्डावर येतात, लाथ कमरेतून न बसता गुडघ्यातून बसते, फिन्स पाण्याबाहेर फटफटतात आणि गुडघे दुखतात. याच कारणानं टेल अर्धचंद्रासारखं, मधे दोन इंच आत कापलेलं हवं. मांड्यांना तिथे जागा मिळते आणि दोन्ही बाजूंच्या कडा मात्र पूर्ण लांबीच्या राहतात. टेलची रुंदी १९ इंचांच्या खाली नको.

रॉकर नाकाशी दोन इंच, टेलशी पाव इंच, आणि मधला सगळा भाग पट्टी लावली तर उजेड दिसू नये इतका सपाट. नाकाची उचल पहिल्या १४ इंचांतच संपली पाहिजे. कारागीर ती उचल लांबवर पसरवतात, बोर्ड दिसायला डौलदार होतो, पण छातीखाली कमान येते आणि बोर्ड पाणी ढकलत जातो. पाण्यात हे ओळखणं सोपं आहे: चांगल्या बोर्डावर पाण्याची पातळ चादर छातीच्या थोडं पुढून दोन्ही कडांनी बाहेर फेकली जाते, चुकीच्या बोर्डावर नाकापुढे पांढऱ्या फेसाचा ढीग साचतो. तळाला कमरेपासून टेलपर्यंत ४ मिलिमीटरची उथळ खोलगट पन्हळ पुरे. कडा पुढच्या दोन तृतीयांशात गोल आणि शेवटच्या १५ इंचांत धारदार, म्हणजे पाणी तिथे चिकटून न राहता सुटतं. बॉडीबोर्डाच्या तळाला दिसतात तशा खोल नाळ्या इतक्या कमी वेगात काही करत नाहीत, वजन आणि पैसे तेवढे वाढतात.

रुंद सपाट बोर्ड तिरका नेताना बाजूला घसरतो. तरुण मुलं पाय पाण्यात खुपसून, कंबर पिळून त्याला धरतात. ती पिळणूक टाळायची तर तळाला दोन छोटे फिन, म्हणजे बोर्डाला धरून ठेवणारे पंख, हवेत: पाया पाच इंच, उंची साडेतीन, टेलपासून चार इंच पुढे, कडेपासून सव्वा इंच आत, आणि पुढच्या बाजूनं ३ मिलिमीटर आत वळवलेले. उथळ पाण्यात ते वाळूला लागणारच, म्हणून काढता येणारे आणि लवचिक घ्यावेत. मागच्या धारा घासून बोथट करून घ्यायला विसरू नका. पडताना मांडी नेमकी तिथेच येते.

वरच्या बाजूचं काम ज्येष्ठांच्या दृष्टीनं तळापेक्षाही महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक बोर्डांत झालेलं नसतं. पालथं झोपून समोर बघायचं म्हणजे मान मागे मोडावी लागते. छातीच्या हाडाखाली पाचरीसारखा ईव्हीएचा, म्हणजे मऊ रबरी फोमचा, पॅड दिला, पुढे २५ मिलिमीटर आणि मागे येत येत शून्य, तर छाती स्नायूंच्या जोराशिवाय उचललेली राहते आणि मानेचा कोन बराच कमी होतो. पॅडची लांबी ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की त्याची मागची कड शेवटच्या बरगड्यांवर येते आणि अर्ध्या तासात तिथे वळ उठतात. बोर्ड हातात यायच्या आधी जमिनीवर सतरंजी घालून, पॅडचा तुकडा छातीखाली ठेवून जागा ठरवावी आणि पेन्सिलनं खूण करून द्यावी. पॅड बरगड्या संपून पोटाचा मऊ भाग सुरू होतो तिथे संपायला हवा. फार जाड पॅडही नको. ३५ मिलिमीटरच्या वर गेलं की बोर्ड कलंडायला लागतो. पकडीच्या जागी कडेची जाडी दीड इंचच हवी. बोटांच्या सांध्यांत संधिवात असेल तर जाड कड धरून अंगठ्याचं मूळ दुखतं. नाकाला बोटं अडकतील अशी खोबण करून घेतली तर घट्ट आवळायची गरजच राहत नाही.

गाभा थर्माकोलचाच, पण घनमीटरला २४ ते ३२ किलो वजनाचा घट्ट, आणि रेझिन इपॉक्सीच. पॉलिएस्टर रेझिननं थर्माकोल विरघळतो. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं फायबर कापड वर दोन थर आणि खाली एक. वरचा एक थर वाचवला की कोपरांच्या जागी खड्डे पडतात. सगळं मिळून वजन ३ किलोंच्या आसपास येतं, म्हणजे काठापासून गाडीपर्यंत काखेत नेता येतं. मे महिन्यात बोर्ड बंद गाडीत ठेवला तर आतली हवा प्रसरण पावून कापड फुगतं आणि गाभ्यापासून सुटतं. तो फुगवटा पुन्हा बसत नाही. हवा सुटायचा छोटा स्क्रू बसवून घ्यावा, आणि सावली शोधावी.

पाण्यातली कामगिरी: गुडघ्याच्या वरची लाट दोन-तीन लाथांत पकडतो, मधे लाट मंदावली तरी छाती चार बोटं पुढे सरकवली की पुन्हा वेग घेतो, आणि सरळ काठाकडे न जाता लाटेच्या खांद्याकडे, म्हणजे अजून न फुटलेल्या बाजूकडे, तिरका नेता येतो. उणीव एकच, बोर्ड टणक आहे. गर्दीत सुटला तर दुसऱ्याला लागतो. दंडाला बांधायची गुंडाळीची दोरी हवीच, आणि तिचं खोबण नाकापासून एक तृतीयांश अंतरावर. खांदा आखडलेला असेल तर दोरी दंडाऐवजी कोपराच्या खाली बांधावी.

राहिली हवेची चटई. नायलॉनच्या कापडाची, तोंडानं फुगवायची सर्फ मॅट. जॉर्ज ग्रीनो या विख्यात सर्फरनं ती आयुष्यभर चालवली आहे. बरगड्यांना तिच्याइतकं मऊ काहीच नाही, पिशवीत मावते, कुणाला लागत नाही. पण ती चालवायला शिकावं लागतं: कडक फुगवली तर उसळते, कोपरा मुठीत दुमडेल इतकी ढिली ठेवली तरच पाण्याला चिकटते. आणि लाथांचा जोर लागतो. पोहण्याचा सराव असलेल्यांनीच घ्यावी.

पायातल्या फिन्सशिवाय वरचा कुठलाही बोर्ड खोल पाण्यात नेऊ नये. आखूड पात्याचे, मऊ नैसर्गिक रबराचे आणि पाण्यावर तरंगणारे घ्या. लांब कडक पात्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात. आत पातळ मोजे घातले तर टाचेला फोड येत नाहीत. चालायचं नेहमी उलटं, पाय वाळूवर घासत. वाळूत दडलेलं पाकट त्या आवाजानं आधीच सरकतं.

वेळ सकाळची. मतलई वारा असेपर्यंत पाणी तुळतुळीत असतं, खारा वारा सुटला की लाटा विस्कटतात. उधाणाच्या पूर्ण भरतीला लाट किनाऱ्याच्या वरच्या चढावर आपटते. मानेच्या दुखापती होतात त्या अशा लाटेत. त्या दिवशी पाणी उतरू द्यावं, उतरत्या पाण्यात तोच किनारा सपाट आणि संथ होतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत हा फरक कमी, दिवसभर पाणी चालवण्याजोगं राहतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची चालू असेल तर दोरांच्या दोन्ही बाजूंना भरपूर अंतर ठेवावं.

निवड करायची तर: आठवड्यातून एकदा जाणाऱ्यांनी आणि ज्यांना कठीण वस्तूची धास्ती आहे त्यांनी ४५ इंची पॉलिप्रोपिलिनचा बॉडीबोर्ड घ्यावा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, रोजची सकाळ पाण्यात घालवणाऱ्यांनी थोडा जास्त खर्च करून ५२ इंची बोर्ड करून घ्यावा. संथ लाटेसाठी आमची पहिली पसंती तोच. ताब्यात घेताना तळावर मीटरची सरळ पट्टी ठेवून मधला सपाटपणा तपासा, दोन्ही फिनची कडेपासूनची अंतरं मोजा, आणि दोरीच्या खोबणीभोवती रेझिन पूर्ण भरलेलं आहे का ते नखानं खरवडून बघा. पाणी झिरपायला पहिली सुरुवात तिथूनच होते.